चतुःसीमा

तीन होड्या पाहिल्या.
पहिली फायबरची, निळी. भाच्याने इंजिन सुरू करून दाखवलं;
तिवरांतले बगळे उठले ते परत बसलेच नाहीत.
पेट्रोल कुठे मिळेल, मी विचारलं, मालदोलीच्या पुढे?
तो म्हणाला, मावशी, तिथे जाऊन करायचंय काय?

दुसरी सागवानी, देखणी. आठ माणसं बसतील.
माझ्याकडे आठ माणसं नाहीत.

तिसरी दाभोळात, दाऊद होडेकरांच्या पडवीत उपडी,
पोटाखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली.
फणसाच्या फळ्या, सांध्यांत काथ्या आणि राळ,
उंडीच्या तेलाचा जुना वास.
अकरा फूट दोन इंच.
टेप माझ्या पर्समध्ये असतेच:
एकतीस वर्षं भूमापन खात्यात
भावाभावांची खाचरं मोजली,
बांधावर उभी राहून दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या.

कोंबडी टोपलीत हलवली. तिने सगळ्यांना टोचलं.

ओझं अंगणातच मांडलं.
तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट,
स्टोव्ह, ताडपत्री, मच्छरदाणी, घडीची खुर्ची,
आणि पाणी.
पाण्यावर जायचं तर सगळ्यांत जड पाणीच.
दिवसाला तीन लिटर, दहा दिवसांचे तीस;
म्हणजे एक नातू, दाऊदभाई म्हणाले.
सगळं भरून ढकलली. काठ पाण्यावर चार बोटं उरला.
खुर्ची उतरवली, निम्मे तांदूळ उतरवले.
एक वीत. चालेल.

तेवढ्यात सुकती लागली.
होडी चिखलात बसली.
दाऊदभाई धक्क्यावर बिडी ओढत राहिले, हात लावला नाही.
एकट्या माणसाला जी ओढवत नाही, म्हणाले,
ती होडी नव्हे, ते घर.
मी ओढली.
गुडघाभर रुतले, एक चप्पल खाडीला दिली,
मधे दोनदा वाटलं, निळीच बरी होती.

रात्री तिच्यात आडवी होऊन पाहिलं:
डोकं नाळेकडे, पाय पाण्याच्या कॅनला.
कूस बदलता येते, पण एकाच बाजूला.

सकाळी कागद करायला त्यांनी नातवाच्या वहीचं पान फाडलं.
सवयीने मी चतुःसीमा लिहून गेले:
पूर्वेस पाणी. पश्चिमेस पाणी.
दक्षिणेस पाणी.
उत्तरेस, भरती असल्यास, पाणी.
लगतच्या कुणाची हरकत नाही.

सही करता करता त्यांनी विचारलं,
बाय, पवता येतं का?
नाही, म्हटलं.
बरं हाय, म्हणाले. होडीला जपशील.