मंजूर रस्ता

आठवडाभर मी पोलादाचा खडबडीतपणा मोजते.
सातपूरला, काचेच्या खोलीत, वीस अंशांवर,
हिऱ्याची सुई नगावरून सरकते
आणि पडद्यावर डोंगर उमटतात, दऱ्या उमटतात,
सगळे केसाच्या शंभराव्या भागाएवढे.
ठरल्याहून उंच डोंगर दिसला
की नगाला लाल टॅग.

रविवारी पहाटे मी लाल टॅग शोधायला निघते.

गिरणाऱ्याच्या नाक्यावर मजूर बाजार भरलेला,
कोपराला डब्याच्या पिशव्या, कानाला मफलर.
कुणी विचारतं, ताई, रेस हाय का?
नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न असतो,
म्हणून मी हो म्हणते आणि पॅडल मारते.

पुढे बागा. ब्लोअरची घरघर, औषधाचा जिभेवर बसणारा वास.
घडांना वर्तमानपत्राचे अंगरखे घातलेत,
एकावर मागच्या महिन्याचं राशिभविष्य:
प्रवास टाळा.

काश्यपीच्या पाण्यावर वाफ होती.
तिथून आत वळलं की डांबर संपतं,
सुरीने भाकरी कापावी तशी कड,
आणि मग खडी.
जाड टायर, हवा मुद्दाम कमी ठेवलेली,
हँडल हातात जिवंत जनावरासारखं.
सागाची पानं चाकाखाली पापडासारखी फुटत होती,
ऐनाच्या खोडांना मगरीची कातडी,
वर कुठेतरी तांबट ठोकत बसलेला,
रविवारीसुद्धा त्याची शिफ्ट चालू.
चढ असा की तोंडातून शिवी निघावी
आणि ती ऐकायला कुणी नसावं.
मी सुखात होते. हे लिहून ठेवते,
कारण पुढे ते जरा अवघड झालं.

आवळपाड्याच्या हापशावर बाटली भरताना
पवळीबाई भोये हंडा घेऊन थांबल्या.
त्यांनी सायकल एका हाताने उचलून पाहिली.
मोळीपरीस हलकी हाय.
किंमत विचारली. मी निम्म्याहून कमी सांगितली,
तरी त्या थोडा वेळ सायकलीकडेच बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, इकडून का आल्या?
वाघेऱ्यावरून चांगली सडक हाय की.
मी म्हटलं, मला हाच रस्ता आवडतो.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
पायाने एक खडा उलटा केला.
ही मी पसरली. हाजरीवर.
माझी थोरली पोटात होती तवा.
आता ती सातवीला हाय.
साहेब बोलले, खडी बसंल, मंग वर डांबर घालू.
खडी बसली. आमी पण बसलो.
टमाट्याचं कॅरेट सडकंला लागेस्तोवर
खालच्या थराचा रस होतो. तो कोण घेणार?

हापसा त्यांनीच मारला.
पाणी बाटलीत कमी, माझ्या बुटांवर जास्त.
जाताना एवढंच म्हणाल्या,
उताराला डावीकडून जा,
उजवीकडची खडी मोठी पडलीय,
त्या दिवशी मला चक्कर येत होती.

मी डावीकडून उतरले.
रॅब भाजलेल्या शेतांचे काळे चौकोन,
खाली दरीत एक बैल, एक ट्रॅक्टर, एक लाल लुगडं,
सगळं पहिल्यासारखंच सुंदर होतं,
फक्त प्रत्येक खडा आता वेगळा लागत होता,
हजेरीपटावरचं नाव वाचावं तसा.
डांबर आलं तेव्हा हात सुटले
आणि मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

सोमवारी सुई सरकली.
पडद्यावर डोंगर उमटले, एक जास्तच उंच.
मी लाल टॅग लावला. तळहात अजून बधिर.
टॅगवर शेवटी एक रकाना असतो:
किती दिवसांत दुरुस्ती अपेक्षित.
पेन उघडून मी तशीच बसून राहिले,
मागून देवचंद म्हणाला, मॅडम, ट्रॉली थांबलीय.