उलटं पान

विजी, घर ते सकाळी दाखवतात. तू दुपारी जा.
एप्रिलात, तीनच्या सुमारास,
होटगी रोडचं डांबर चपलेला धरतं तेव्हा.
पश्चिमेच्या भिंतीला पाठ लाव आणि मनात शंभर मोज.
टिकलीस तर पुढचं बोलू.

अठ्ठावीस वर्षं विड्या वळल्या मी.
पान हातात आलं की आधी उलटं करायचं,
उजेडात धरायचं. वरून सगळीच गुळगुळीत,
शीर मागं असते.
घरालाही मागची बाजू असते.
मोरीपलीकडची भिंत, सिंकखालचा अंधार,
आणि सगळी खोली जुनी असून
एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल, तर तो कोपरा.
तिथं तळहात ठेव.
ओल रंगाखाली झोपते, मरत नाही.

रुपया घेऊन जा. फरशीवर वाजवत चाल.
पोकळ बोलली
तर खाली सिमेंट नाही, बिल्डरचा शब्द आहे नुसता.
नळ सोडून काय बघतेस?
तुला बोलावलं त्या दिवशी टाकी भरलेलीच असणार.
वॉचमनच्या बायकोला विचार,
पाणी कितव्या दिवशी येतं, रात्री किती वाजता.
तेलुगूत विचार.

बँकेतला पोरगा गोड आहे, चहा पाजतो,
म्हणतो, फक्त एकोणीस हजार, मॅडम.
फक्त!
एकोणीस हजाराच्या विड्या किती, ते मी सांगत नाही,
तू रडशील.
त्याला एवढंच विचार की
व्याज चढलं तर हप्ता वाढतो का वर्षं वाढतात?
वर्षं गुपचूप वाढतात गं.
विसाची चोवीस होतात,
आणि तसं पत्र आलेलं असतं, कपाटावर, न फोडलेलं.
दिवाळीचा बोनस मुद्दलात टाक, सोफ्यात नको.
विमा घ्यावाच लागतो म्हणाला, तर म्हण, लिहून दे.

सातबारा, एनए, तीस वर्षांचा सर्च, भोगवटा,
हे वकिलाकडून बघून घे. आपल्या वकिलाकडून.
बिल्डरनं घराबरोबर फुकट दिलेल्या नव्हे.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
माझ्या घराचा हप्ता या बोटांनी फेडला,
कागदावर नाव तुझ्या काकांचं.
ते गेले, आणि माझ्याच दारात मी कोण
हे सिद्ध करायला सिटी सर्व्हेत सतरा खेपा घातल्या.
सही येत होती मला.
कागद कुणी माझ्यापुढं सरकवलाच नाही.

म्हणून अर्जावर पहिलं नाव तुझं.
अंबादासचं खाली येऊ दे. राग यायचा नाही त्याला.
आला, तर
घराबरोबर तोही तपासून होईल.

रविवारी येते मी. गुडघा धरलाय,
आणि लिफ्ट अजून बसवायची असेलच,
तरी चढते तीन मजले.
रुपया माझ्याकडं आहे.