नऊ फूट दोन इंच

डुलुथच्या चढावर, ऑर्विल हाउगनच्या परसात
एक लोखंडी खांब, खांबावर दाण्यांची नळी,
आणि मध्यावर उपडा टांगलेला पत्र्याचा शंकू,
जुन्या शेगडीच्या धुरांड्यातून कापलेला.
बत्तीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर
वेल्डिंग केलेला माणूस.
तो काय खारीपुढे हात टेकणार?

आधी त्याने खांबाला ग्रीस फासलं.
खार चढली, घसरली, चढली, घसरली,
दुपारपर्यंत सगळं ग्रीस तिच्या पोटाला
आणि खांब कोरडा ठणठणीत.
मग दाण्यांत लाल तिखट.
पाखरांना तिखट कळत नाही, दुकानदार म्हणाला होता.
तिला कळलं.
दोन दिवस पुढच्या पायांनी नाक पुसत बसली,
तिसऱ्या दिवशी चटावली.

मग खांबच सरकवला, मेपलपासून सहा फूट.
सात.
साडेआठ.
प्रत्येक उडी तो मोजायचा,
बर्फात गुडघे टेकून, टेप ताणून,
उद्या कोर्टात पुरावा द्यायचा असल्यासारखा.

मी कुंपणापलीकडची. रात्रपाळी संपवून
सहाला परतते, तेव्हा त्यांच्या मागच्या दारात
आर्डिस, त्याची बायको,
झग्यावर त्याचाच कोट चढवून उभी.
तळहातावर अक्रोड.
खार सपातांपाशी येते, दोन पायांवर उभी राहते,
शेजारणीने विरजण न्यावं तसं
हक्काने घेऊन जाते.
आर्डिस माझ्याकडे बघते, ओठांवर बोट ठेवते.
सहा वर्षं हे गुपित माझ्या पोटात.

इकडच्या खारींच्या पाठीवर पट्टे नाहीत.
कुठल्या देवाने त्यांना कुरवाळलं नाही,
कुठल्या सेतूला त्यांची वाळू लागली नाही.
त्यांचा वाटा म्हणजे रोखठोक वाटा:
रोजचं पावशेर सूर्यफूल.

या जानेवारीत ऑर्विल पायरीवर घसरला.
खुब्याचं हाड.
आता तो खिडकीशी, मांडीवर घोंगडी,
आणि दाणे भरायचं काम माझ्याकडे.
उणे एकतीस. पापण्यांवर बर्फ.
काळ्या टोपीच्या चिकड्या येतात, एकेक बी उचलून पसार होतात,
उधारी वाढू नये म्हणून जपल्यासारख्या.
वर फांदीवर ती, शेपूट पाठीवर पांघरून.
बराच वेळ मान हलवत राहिली,
वर, खाली, वर,

आणि सुटली.

नळी गरगर फिरली, दाणे उधळले,
पण पकड सुटली नाही.
काचेआड ऑर्विलने मूठ उंचावली.
रागाने की कसं, ते मला नाही सांगता येणार.
मग खिडकी दोन बोटं उघडली:
"टेप गॅरेजात आहे. मोज."

मोजलं. लिहायला गेले.
दाराच्या चौकटीवर सुतळीने बांधलेली पेन्सिल.
वरच्या बाजूला मुलांच्या उंचीच्या खुणा,
डेल, कारिन, डेल, कारिन,
एकोणनव्वदला थांबलेल्या.
त्यांच्याखाली, त्याच चौकोनी हस्ताक्षरात,
उड्या. तारखांसकट. वाऱ्याच्या दिशेसकट.
आणि साडेआठच्या शेजारी
आर्डिसच्या गोल अक्षरात एकच शब्द:
अक्रोड.

त्याने तो खोडला नव्हता.
खाली दोनदा रेघ मारली होती.

मी पेन्सिलीला थोडी फुंकर घातली,
शिसं गोठलं होतं,
आणि लिहिलं:
नऊ फूट दोन इंच. वारा नाही.