सातवं वेत

दर तिसऱ्या रात्री मी खेर्लोफच्या गोठ्याशी टँकर लावतो,
नळी जोडतो, नमुन्याची बाटली भरतो,
मीटरवरचा आकडा वहीत उतरवतो.
बावीस वर्षं झाली.
फ्रीसलँडच्या या सपाट मुलखात
मला गोठे अंधारातही ओळखू येतात,
हंबरण्यावरून.

कुठे ना कुठे कुणीतरी व्यालेली असतेच.
दोन तासांत वासरू हातगाडीतून
पांढऱ्या प्लास्टिकच्या घुमटीत जातं,
रबरी सडाची बादली त्याच्या तोंडाशी येते,
आणि आई तीन रात्री उभी,
मान लांब करून.
चौथ्या रात्री गप्प होते.
"विसरली," खेर्लोफ म्हणायचा.
मी नळी गुंडाळत "हो" म्हणायचो.
दुसरं काय म्हणणार, थंडी असायची.

यंदा गोठा वित्स्केने हाती घेतला.
लेकीने पहिल्याच महिन्यात घुमट्या धुतल्या
आणि कालव्याकडेला पालथ्या घालून ठेवल्या.
"वासरं आयांपाशी राहतील," एवढंच म्हणाली.
बाप बोलला नाही.
टोपी काढली, तिच्या आत पाहिलं, पुन्हा घातली.

त्या खेपेला मीटरवर नऊशे लिटर कमी.
"पान्हा चोरतात," खेर्लोफ मला म्हणाला,
चाकाशी वाकून, हळू आवाजात,
घरातली चोरी शेजाऱ्याला सांगावी तसा.
"यंत्राला देत नाहीत. पोरासाठी मागे ठेवतात."
मग स्वतःशीच पुन्हा म्हणाला,
चोरतात.

बाउक्ये चौदावी –
इथे गायीला खापरपणजीचं नाव देतात
आणि पुढे आकडा, राजघराण्यात देतात तसा –
तिचं हे सातवं वेत.
सहा वासरं तिला चाटण्यापुरती मिळाली होती.
सातवं झालं कुरणात, धुक्याच्या पहाटे,
आणि वित्स्के पोचली तेव्हा गाय एकटीच चरत होती,
पोट उतरलेलं,
चेहरा मात्र काही घडलंच नाही असा.

शोधलं. कालव्याच्या काठी, लव्हाळ्यात
मुटकुळं करून निजलेलं,
चाटून कोरडं केलेलं, पोटभर प्यालेलं.
लपवलं होतं.
सहांचा हिशेब तिने ठेवला होता,
आमच्या कुणाच्याच वहीत नव्हता तो.

मागून खेर्लोफ पेंढा घेऊन आला.
हातगाडीचं चाक करकरलं
आणि ती आडवी झाली.
शिंगं नाहीत तिला, लहानपणीच डागलेली.
नुसतं कपाळ.
तो थांबला. हातगाडीकडे पाहिलं,
जणू आत्ता कुठे कळलं तिच्यातून काय काय नेलं ते.
तिथेच सोडली. पेंढा कवेत घेतला,
उरलेलं अंतर चालला, सत्तरीचा माणूस,
एक गुडघा कामातून गेलेला.
ती हटली नाही.
त्याने पेंढा तिच्या पायाशी ठेवला नि माघारी फिरला.

हे वित्स्केने सांगितलं. तो नाही सांगायचा.
मला त्याने एवढंच विचारलं,
"बाकीच्या गोठ्यांवर अजून ओरडतात का गं रात्री त्या?"
मला "गं" म्हणाला.
लेकीला विचारायचं होतं बहुधा.

सगळं गोड झालं असं कुणी समजू नये.
गोऱ्हे अजूनही ट्रकमधून जातात, जरा उशिरा, इतकंच.
चार महिन्यांनी मध्ये कुंपण घालावं लागतं,
तेव्हा दोन्हीकडून आवाज येतो.
बँकेचा माणूस दोनदा येऊन गेलाय.
पहाटे तीनला स्वयंपाकघरात दिवा असतो,
वित्स्के आकड्यांवर डोकं टेकून.

पण परवा मी वळण चुकलो.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
पुलापर्यंत गेलो, मग लक्षात आलं,
कान लावून बसलो होतो आणि काही आलंच नाही.
टँकर मागे घेतला, इंजिन बंद केलं.
अंधारात कुणीतरी कासेला ढुशी देत होतं,
चुटूचुटू, मध्येच दम खाऊन,
पुन्हा.
नळी जोडायला मी जरा उशीर केला.