गळती

पहिल्या रात्री मास्क बांधला तेव्हा वाटलं,
रबाळ्याच्या शेडमधला होज
कुणीतरी आणून तोंडाला जोडलाय.

एकतीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळला मी.
हवा कुठून शिरते, कुठून पळते,
कानाने ओळखायचो.
आता दाब किती, तर बारा सेंटिमीटर पाणी,
हसू यावं इतका किरकोळ,
आणि त्याच्यापुढे मी
गाल फुगवून उताणा.

वाशीला डॉक्टर कारखानीसांनी कागद सरकवला होता:
तासाला सत्तेचाळीस वेळा श्वास थांबतो.
हिरा शेजारी, पर्स मांडीवर.
म्हणाली, "पन्नासच्या वर जातो कधीकधी."
डॉक्टरांनी चष्मा काढला.
मीही बघितलं तिच्याकडे.
मला इतकी वर्षं वाटायचं, घोरतो म्हणून कोपर मारते.
ती कोपर मारायची
घोरणं थांबलं की.

घणसोलीत रात्री दोननंतर
एमआयडीसीकडून वास येतो,
जळक्या रबराचा, कधी नासक्या बदामाचा.
आम्ही खिडक्या लावून घेतो.
मशीनला खिडकी नाही.
ते तोच वास गाळून, भिजवून, कोमट करून
जावयासारखा मानाने आत आणतं.
पंधरा दिवसांत फिल्टर उंदराच्या रंगाचा.

सकाळी मास्क पलंगाखाली.
सकाळी मास्क पायाशी.
एकदा तर हिराच्या उशीवर, तिच्याकडे तोंड करून.
रात्री काढतो तो मीच,
पण तो मी मला अजून भेटलेला नाही.
नाकावर लाल वळ, जिभेचं चामडं झालेलं,
आणि नऊ वाजता कंपनीचा पोरगा निहाल, फोनवर:
"काका, काल फक्त एक तास नऊ मिनिटं."
त्याला खारघरात बसून सगळं दिसतं.

म्हणून एका रात्री मशीन चालू केलं,
मास्क उशीवर पालथा घातला, वर गोधडी,
आणि सोफ्यावर जाऊन बसल्या बसल्या झोपलो.
"काका, सात तास! पण गळती फार दिसते हो."

लॉगबुकात न बघता रीडिंग भरलं म्हणून
एका अप्रेंटिसला मी गेटबाहेर काढलं होतं.
सुदाम. कानात भिकबाळी होती त्याच्या.
दिवसभर तोच समोर.

संध्याकाळी दाढीचा फेस केला.
जॉइंटला साबण लावून बघतात तसा
मशीन चालू ठेवून, आरशात बघत
मास्कच्या कडेने ब्रश फिरवला.
हनुवटी गप्प. गाल गप्प.
नाकाखाली बुडबुडे.

मिशी.
लग्नाच्या फोटोतली, कंपनीच्या ओळखपत्रातली,
अलीकडे कलप लागणारी.

"खबरदार," हिरा म्हणाली.
"मिशी कुणी गेल्यावर काढतात."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
ती आत गेली. सुकट निवडल्याचा आवाज येत राहिला.
मग आतूनच म्हणाली,
"तासाला सत्तेचाळीस गेले ना.
कर त्यांचं एकदाचं."

दुसऱ्या दिवशी गावदेवीपाशी बाळाराम भोईरने
हात हातात घेतला, आवाज खाली आणला:
"कोण गेला?"
कुणी नाही म्हटलं. त्याला पटलं नाही.
रात्री त्याची बायको थर्मासभर चहा देऊन गेली.
आम्ही तो प्यायलो.

आता चार तास चाळीस मिनिटं होतात.
फार नाही. तीनला डोळे उघडतात,
नळीत पाणी साचून गुडगुड चालू असते,
ओठावर गार लागतं, जिथे कधी लागलं नव्हतं.

हिरा जागी.
तिचं कोपर माझ्या बरगडीपासून चार बोटांवर,
उचललेलं, तसंच.
"झोप आता," म्हणायला जातो
तर तोंडातून नुसती हवा.

"काय?" ती विचारते.
कोपर खाली ठेवत नाही.