मधलं माणूस

कन्नमवार नगर, इमारत एकशे अठरा, तिसरा मजला.
दारावर पाटी: कु. शशिकला राऊळ.
'कु.'वरचा रंग उडालाय, पण कुणी पुसलेला नाही.

राउटर भिंतीला लावतो, फ्रीजपासून लांब.
वायर चौकटीच्या कडेनं नेतो, खिळ्याखिळ्यानं.
फोनवर आसपासच्या घरांची यादी उघडते:
साळवी दुसरा मजला. ओम क्लासेस.
'फुकट्यांनो, रिचार्ज करा.'
आणि एक नुसतंच 'डीफॉल्ट', बिनकुलपाचं,
गच्चीवर राखण न ठेवता घातलेल्या पापडांसारखं.

"पासवर्ड काय ठेवू?"
हे मी रोज सात घरांत विचारतो
आणि सातही घरांतून येतं,
"तूच टाक रे काहीतरी, लक्षात राहील असं."
मग मी टाकतो. नातवाचं नाव, एक दोन तीन.
अर्ध्या विक्रोळीच्या किल्ल्या माझ्या डोक्यात आहेत
आणि एकदाही कुणी विचारलं नाही
की बाबा, हे डोकं तू रात्री कुठे ठेवतोस.

राऊळबाई खुर्ची ओढून जवळ बसतात.
"कुलपं कसली कसली आहेत?"
हे जुनं. सायकलच्या कुलपासारखं, पोरं पिनेनं उघडतात.
हे दुसरं, सगळे लावतात ते. त्यात एईएस घ्यायचं, टीकेआयपी नाही.
हे तिसरं नवं. पण तुमचा तो जुना टॅब
याला ओळखणार नाही, उंबऱ्याबाहेरच राहील.
"आणि एन्क्रिप्शन?"
म्हणजे तुमच्या शब्दांचा हवेत भुगा होतो.
परत जोडायचा कसा, ते दोन टोकांनाच ठाऊक.

"मधे कोण असतं?"
कुणी नाही.
"कुणीच?"
या डब्यापर्यंत तरी कुणीच. पुढचं पुढच्यांकडे.

त्या चष्मा काढतात. पुसत नाहीत, नुसता हातात धरतात.
"मी होते मधे. एकतीस वर्षं, ट्रंक एक्स्चेंजला.
समोर दोऱ्या, कानाला हेडफोन.
कऱ्हाड मागितलं की कऱ्हाड, भुसावळ की भुसावळ.
जुळलं का बघायला ऐकावंच लागायचं.
जुळलं की निघायचं, असा नियम.
एकोणऐंशी साली एक बाई रत्नागिरीला बोलत होती.
मी निघाले नाही."

काय ऐकलं, ते सांगत नाहीत.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारतं. चौथ्यांदा लागते.
"पुढे ती मला मंडईत दिसली. आवाजावरून ओळखली.
तिनं मला ओळखायचं कारणच नव्हतं.
मी मेथीची जुडी तिथेच ठेवून घरी आले."

मग एकदम कामाचं: "तिसरं लाव."
आणि टॅब?
"राहू दे बाहेर. हे बटण कशाचं?"
डब्ल्यूपीएस. दाबलं की दोन मिनिटं कुणालाही आत घेता येतं.
"बंद कर. आणि तुमच्या कंपनीचं ते अॅडमिन अॅडमिन?"
बदलतो.
"मी बदलीन. तू तोंड फिरव."

नऊ वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.
खिडकीकडे वळतो. समोरच्या गॅलरीत
एक बनियन, एक उलटी बादली.
पाठीमागे एकेक अक्षर, बोट शोधत शोधत.
मोजायचं नव्हतं. मोजलं गेलं. सतरा,
त्यातलं एक खोडून पुन्हा.

राउटर विझतो. लाल. नारिंगी. मग बराच वेळ नारिंगीच.
आम्ही दोघं गप्प.
भिंतीवर घड्याळ आहे, त्या बघत नाहीत.
आणि हिरवा लागायच्या जरासं आधी
माझ्याशी नाही, माझ्या पलीकडे कुणाशी तरी,
कडक इस्त्रीच्या आवाजात म्हणतात,
"तीन मिनिटं झाली."