सोळा तासांचं माप

समडोळीच्या पद्मव्वा मगदूम
शंभर फुटी रस्त्यावरच्या माझ्या दुकानात आल्या,
कातरीशेजारी तिकिटाचा कागद ठेवला
आणि म्हणाल्या, शमा, ह्याच्या मापानं शीव.

मी कागद उलटासुलटा केला.
मुंबई, मग दोघींनाही धड वाचता येईना असं एक गाव,
मग टोरांटो.
छाती नाही, कंबर नाही, उंची नाही,
नुसते तास.

जन्मभर लुगडं. दुसरं काही अंगाला माहीत नाही.
भाचीनं फोनवर सांगितलेलं सगळं त्यांनी
डेअरीच्या कार्डामागं लिहून आणलं होतं:
लुगडं नको, तिथल्या संडासात वळायला जागा नसते.
नाडी नको. गाठ बसली तर वर कोण सोडवणार?
इलॅस्टिक ढिलं, पोट फुगतं.
पायांत मोजे. अंगावर शाल, गार करून ठेवतात.
मोज्यांपाशी आल्यावर हसल्या,
म्हणाल्या, जोडव्यांवरनं कसे चढायचे गं?

मी कोल्हापूरच्या पुढं गेलेली नाही.
विमान बघितलंय ते खालूनच.
पण माणूस बसतं कसं ते मला कळतं.
बसलं की कापड पाठीत ओढतं,
गुडघ्यावर चढतं, काखेत धरतं.
उभ्या माणसाचं माप घ्यायचं
आणि बसणाऱ्याला कपडे द्यायचे,
अशी आमच्या धंद्यातली लबाडी.
त्यांना स्टुलावर बसवलं आणि बसल्याचं माप घेतलं.

रंग हळदीचा, त्यांनीच निवडला.
आमटी सांडली तर दिसायला नको.
मग एकदम विचारलं,
मी दिवस बुडायच्या आत जेवते.
वर दिवस कधी बुडतो?
मी टेप गळ्यात अडकवून गप्प.
म्हणाल्या, खिडकीच मागितलीय.
बघत बसेन.

कपडे तयार झाले तेव्हा घरी नेले नाहीत.
शनिवारी रात्री इथंच अंगात घातले,
लुगडं पिशवीत कोंबलं
आणि नागपूरच्या गाडीत बसल्या.
नागपुरात कुणी ओळखीचं नाही म्हणून.
स्टँडवर चहा घेतला, तोंड धुतलं,
त्याच गाडीनं माघारी.

सोमवारी दारात उभ्या.
सोलापूरपर्यंत काही नाही, म्हणाल्या.
लातूर सोडलं आणि डाव्या मांडीखाली शिवण टोचायला लागली.
नांदेडला उजवी पण.
आणि एक सांगू? मागच्या सीटवरच्या पोरानं
मला मॅडम म्हटलं.

लातूरची शिवण मी उसवली,
दाबून सपाट केली,
वरनं मऊ पट्टी लावली.
आतल्या बाजूला दोन खिसे, एक पासपोर्टाचा,
दुसरा वीतभर लांब, चार बोटं रुंद.
ह्यात काय ठेवणार, मी विचारलं नाही.
त्यांनीही आधी सांगितलं नाही.
पैसे मोजताना म्हणाल्या,
आमच्या कुसुमचे केस गेलेत म्हणे सगळे.
तिची लहानपणची रिबन सापडली ट्रंकेत.
हसेल तरी.

मी बिल फाडलं. शिलाई अडीचशे, पट्टीचे नाही घेतले.
कापड अजून शिल्लक होतं, आणखी एक जोड होईल एवढं.
म्हटलं, येताना घालायला हाही शिवून देते,
दोन दिवसांत.

त्यांनी कापडाची घडी घातली,
उलगडली, परत घातली.
म्हणाल्या, यायचा शिवू नको इतक्यात.
यायचं तिकीट काढलेलं नाही.
आणि येताना अंगानं मी केवढी असेन कुणास ठाऊक.

फळीवर आहे ते कापड.
वर चिठ्ठी टाचून ठेवलीय:
मगदूम, समडोळी, माप नंतर.
परवा एका गिऱ्हाइकानं तोच रंग मागितला.
संपलाय म्हणून सांगितलं.